गोळी घेतलीस का?

राग माझ्या नाकावर होता असं म्हणणं म्हणजे फारच कमी सांगणं झालं. तो नाकावर होता, जिभेवर होता, हाताच्या बोटांत होता. माहेरी, पुण्यात, माझी आई शेजारणींना सांगायची की ही पोरगी सासरी चार दिवस टिकायची नाही. मी टिकले, आणि खरं सांगायचं तर रागाच्या जोरावरच टिकले.

चिंचवडला हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सासूबाई, माझा नवरा, आमची एकुलती एक मुलगी आणि मी. शिवाय मावळातल्या सासूबाईंच्या गावाहून कोणी ना कोणी येऊन पडलेलं असायचंच. त्या घरात एक गोष्ट मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळली. हळू बोललेलं तिथे कोणाला ऐकू येत नसे. चार वेळा गोड आवाजात सांगितलेली गोष्ट पाचव्यांदा ओरडून सांगितली की मग सगळे मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, अगं, मग आधी का नाही बोललीस?

नोकरी मी अशीच मिळवली. सुनेने कंपनीत जायचं हे सासूबाईंना मान्य नव्हतं. मी गॅलरीत उभी राहिले आणि समोरच्या बिल्डिंगपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना विचारलं की मग घरात बसून मी काय करू, तुमच्याकडे बघत बसू का? पुढच्या सोमवारी मी कामावर होते. मुलगी सातवी पास झाली तेव्हा पुरे झालं आता शिक्षण, असं घरात सुरू झालं. तेव्हा मी भांडी आपटली, चूल बंद ठेवली, सासूबाईंच्या भावाला दारातून परत लावलं. मुलगी आठवीत गेली, नववीत गेली, दहावी पास झाली. लोक म्हणायचे, बाई आहे का तोफखाना! मी ते कौतुकच समजत होते.

आमच्या कंपनीत बायकांचं एक वेगळं खातं होतं. आम्ही कॉइल गुंडाळायचो, म्हणजे केसासारखी बारीक तांब्याची तार मशीनवर एकसारखी भरायची. तार तुटली की ती कॉइल वाया. मी रागात असले की माझी तार हमखास तुटायची, आणि मी पुष्कळदा रागात असायचे. पण खात्यातल्या बायका मला सांभाळून घ्यायच्या, कारण सुपरवायझरपुढे काही मागायचं असलं की त्या मलाच पुढे ढकलायच्या.

अशीच एकदा मी सुपरवायझरशी बंद खिडकीवरून भांडत होते. उन्हाळा होता, खिडकी उघडली तर धूळ कॉइलवर बसते असं त्याचं म्हणणं, आणि बंद ठेवली तर आम्ही उकडून निघतो हे माझं. बोलता बोलता माझ्या नाकाचा घोळणा फुटला. रक्त थांबेना. पदर भिजला, समोरची कॉइल भिजली. सुपरवायझर पांढराफटक पडला आणि त्याने स्वतः उठून खिडकी उघडली.

संध्याकाळी नवरा मला चिंचवड गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. वयस्कर, सावकाश बोलणारे डॉक्टर होते. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पाऱ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. माझी तिशी नुकतीच उलटली होती. एवढ्या वयात एवढं प्रेशर बरं नाही, असं ते म्हणाले. मग मला विचारलं, राग फार येतो का? मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, डॉक्टर, ते तुम्ही मला विचारा.

मीठ बंद झालं, लोणचं-पापड बंद झाले, आणि सकाळ-दुपार एक गोळी सुरू झाली. पांढरी, बारीक, मधोमध चीर असलेली. औषध तसं नवीन आहे, बीटा-ब्लॉकर म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. हृदयाला उगीच घाई करू देत नाही, त्याला लगाम घालतं. मला ते आवडलं नव्हतं, पण घोळण्याची भीती बसली होती. जाताना त्यांनी बोट वर करून बजावलं, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. एकदम तर मुळीच नाही." किती दिवस घ्यायची, असं मी विचारलं. ते म्हणाले, दिवस मोजू नका.

पहिल्या काही आठवड्यांत हातपाय गार पडायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पाण्याची कळशी घेऊन चढताना मध्येच बसावं लागायचं. स्वप्नं अशी पडायची की जागी झाल्यावरही ती खरी वाटायची. हे सगळं मी सोसलं असतं. पण एके दिवशी सकाळी नळावर शेजारणीने माझी कळशी बाजूला सारून आपली घागर लावली. तळपायाची आग मस्तकात जायची वेळ ती. मी तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही.

राग नव्हता असं नाही. राग होता, अगदी जागच्या जागी. पण छाती धडधडली नाही. कानशिलं तापली नाहीत. हात थरथरले नाहीत. ज्याच्या जोरावर आवाज चढायचा तो जोरच कोणीतरी काढून ठेवला होता. मी सावकाश, एकेक शब्द लावून, वाक्य पूर्ण करून बोलले की माझा नंबर आधी होता. शेजारणीने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, बरं वाटत नाहीये का गं तुला?

मला ते इतकं लाजिरवाणं वाटलं की मी कळशी तशीच घेऊन वर आले. गॅलरीत बसून मी मनगटावर बोटं ठेवली. नाडी आपल्या चालीने चालली होती, तिला माझ्या अपमानाचं काही पडलेलं नव्हतं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. गोळी मी घ्यायचे आणि गुण घरादाराला यायचा. सासूबाई बिल्डिंगभर सांगत फिरल्या की डाक्टरचा हात लागला आन् आमची सून गाय झाली. कंपनीत माझी तार तुटायची थांबली. माझ्या कॉइलचा ढीग सगळ्यांत मोठा होऊ लागला आणि सुपरवायझर इतर बायकांना माझं उदाहरण द्यायला लागला. बायकांना ते आवडेना. खिडकी पुन्हा बंद झाली तेव्हा त्यांनी मला पुढे ढकललं, मी गेले, बोलले, तो हसला, आणि खिडकी बंदच राहिली. पुन्हा कोणी मला पुढे ढकललं नाही.

नवऱ्याबद्दल काय सांगू? तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. ती गोळी चिंचवडात दर वेळी मिळायची नाही, तर तो फर्स्ट शिफ्ट सुटली की तसाच लोकल पकडून पुण्याला जायचा आणि मंडईजवळच्या दुकानातून आणायचा. माझी भाजी वेगळी काढल्याशिवाय कढईत मीठ पडू द्यायचा नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणायचा, आता घरात यावंसं वाटतं बघ. मी कूस बदलायचे.

सासूबाईंची मात्र एक नवीनच पद्धत पडली. मला न आवडणारं काही सांगायचं असलं की त्या आधी पाण्याचा पेला भरायच्या. तो घेऊन माझ्यासमोर येऊन बसायच्या आणि प्रेमाने विचारायच्या, "गोळी घेतलीस का गं? न्हाई घेतली? घे मंग. घेतली का? आता बस हितं, येक सांगायचं हाय." नणंदेचं बाळंतपण आमच्याकडे करायचं ठरलं ते मला असंच कळलं. गावाकडचा त्यांचा भाचा नोकरी लागेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात झोपणार हेही असंच कळलं. आमच्या घरात वाईट बातमी पाण्याच्या पेल्याबरोबर यायची. पेला दिसला की मी मनात म्हणायचे, आलं काहीतरी.

मी नाही म्हणायचे. दर वेळी म्हणायचे. मला हे चालणार नाही, असं अगदी स्पष्ट म्हणायचे. सासूबाई व्हय व्हय करत उठायच्या आणि ठरलेलं व्हायचं. त्यांनी माझं मोडून काढलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. इथे मोडण्यासारखं काही उभंच राहत नव्हतं. माझ्या 'नाही'ला पूर्वी आपटलेल्या भांड्यांचा आवाज असायचा, आणि या लोकांना तेवढाच ऐकायची सवय होती.

गोळी सोडावी असं शंभरदा वाटलं. पण डॉक्टरांचं ते वर केलेलं बोट आठवायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती. अशीच वर्षं गेली.

मुलगी बारावीला आली. माझ्या अगदी उलट स्वभाव. हसली तरी आवाज नाही, रडली तरी नाही. गणितात हुशार, चित्रकलेचा हात सुरेख. गॅलरीत पाट मांडून बसायची आणि पट्टी-कंपास घेऊन तासन्‌तास रेघा मारत राहायची. पुण्यात पॉलिटेक्निकला मुलींना घेतात हे तिला शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. डिप्लोमा करायचा, मग एखाद्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात बसायचं, असं तिने मला एकदा सांगितलं, तेही कोणी नसताना. मी तिला म्हणाले, तू अभ्यास कर, बाकीचं मी बघते. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी बघेन.

तिला अठरावं पूर्ण झालं आणि पुनावळ्याचं स्थळ आलं. सासूबाईंच्या नात्यातूनच आलं. नदीकाठची बागायत, स्वतःचं घर, मुलगा पिंपरीला कंपनीत पर्मनंट, व्यसन नाही. हुंडा नको म्हणाले. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि हीच सगळ्यांत मोठी अडचण होती. वाईट स्थळ असतं तर नवऱ्याने स्वतःच परत पाठवलं असतं. मुलगी शिकायचं म्हणते, असं मी म्हटल्यावर त्यांच्याकडून निरोप आला की आमच्याकडे गोठ्यात चार म्हशी आहेत, पोरीला रिकामं बसावं लागणार नाही.

बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलगी पसंत पडली. तिला विचारलं तर ती बापापुढे म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. नंतर मी मोरीत भांडी घासत होते तिथे ती येऊन बसली. घासलेली भांडी विसळू लागली. मग खाली मान घालून म्हणाली, "आई, मला इतक्यात नको. तू सांगशील ना त्यांना?"

मी हो म्हणाले. आणि हो म्हणता म्हणता मला जाणवलं की हे मी कुठल्या तोंडाने सांगणार आहे?

तरी आधी नवऱ्याशी बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, बैठक तर होऊ दे, तू उगीच त्रास करून घेऊ नकोस. सासूबाईंशी बोलले. त्या पेला भरून घेऊन आल्या. त्या वेळी तो पेला त्यांच्या हातातून घेऊन भिंतीवर मारावा असं मला वाटलं, आणि माझ्या हाताला ते वाटलंच नाही. तो शहाण्यासारखा पुढे झाला आणि पेला घेऊन गोळी गिळून मोकळा झाला.

त्या दिवशी मी ठरवलं की बैठकीत मला माझा राग हवा. दुसऱ्या दिवसापासून गोळी जिभेखाली धरायची आणि मोरीत जाऊन थुंकायची असं सुरू केलं. बैठक रविवारी होती.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. मग हात ऊबदार झाले. शनिवारी सकाळी जिना चढून आले आणि दम लागला नाही. कंपनीत मशीनवर बसले तर छातीत काहीतरी ठोके द्यायला लागलं होतं, आणि ते इतक्या वर्षांनी ऐकून मला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. दुपारी माझी तार तुटली. परत लावली, परत तुटली. सुपरवायझर येऊन काहीतरी बोलला, तर मी गर्रकन वळले आणि त्या बंद खिडकीपासून सगळं त्याला ऐकवलं. तोंडाचा पट्टा असा सुटला की मशीन बंद करून बायका बघत राहिल्या. एकजण म्हणाली, आली गं बाई आमची. घरी जाताना मी चालत नव्हते, जवळजवळ पळत होते.

रविवारी पुनावळ्याची मंडळी आली. सतरंजीवर पुरुष, खाटेवर मुलाची आई आणि सासूबाई. मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या बश्या भरत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. पण सकाळपासून छातीतले ठोके काही वेगळेच झाले होते. ते रागाचे राहिले नव्हते. रागाला कारण लागतं, हे आपले आपणच पळत सुटले होते. घामाने पाठ भिजली होती. मी म्हटलं, जाऊ दे, बोलून टाकू, मग काय व्हायचं ते होवो. बश्यांचा ट्रे घेऊन दारात आले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "माझ्या मुलीला", आणि पुढचा शब्द छातीत अडकला. कोणीतरी आतून मूठ आवळली असं झालं. ट्रे आधी पडला की मी, ते मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा घरातल्याच खाटेवर होते, आणि डॉक्टर उशाशी होते. त्यांनी एकच विचारलं, गोळी बंद केली होती? मी डोळे मिटले. ते नवऱ्याला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. थोडक्यात वाचल्या, एवढंच मला ऐकू आलं. नवरा परत येऊन खाटेजवळ खाली बसला आणि माझा हात धरून रडला. का केलंस असं, एवढंच विचारत होता.

पुनावळ्याची मंडळी माणूस म्हणून चांगली. ती तशीच उठून गेली नाहीत. मुलाच्या आईने माझे पाय चोळले. निघताना मुलाच्या चुलत्याने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. आईचं काही बरंवाईट व्हायच्या आत पोरीचं उरकून घेऊ. माऊलीला डोळ्यांदेखत अक्षता टाकू द्या. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याने मान हलवली. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते. लग्न मोडायला निघाले होते आणि आता लग्न लवकर करायचं कारण मीच झाले होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच असावं.

त्यानंतर सासूबाई गोळी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात ठेवायच्या आणि मग जीभ बाहेर काढून दाखव म्हणायच्या. मी दाखवायचे. मुलगी समोर बसून बघायची.

आठ-पंधरा दिवसांनी नवरा मला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर पट्टा गुंडाळत असताना तो म्हणाला, डॉक्टर, हिने मुलीच्या लग्नाचं मनाला लावून घेतलंय. एकदा ते पार पडलं तर हिला मोकळं वाटेल ना? डॉक्टरांना आमच्या घरातलं काय ठाऊक? ते म्हणाले, मनावरचा भार कमी झाला तर चांगलंच. मी म्हणाले, "डॉक्टर, भार लग्नाचाच आहे. ते झालं तर वाढेल. ते थांबवायला सांगा यांना." डॉक्टरांनी पाऱ्याकडे बघितलं. मग माझ्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, प्रेशर छान आहे, नाडी शांत आहे, तुम्ही उगीच काळजी करता. मी म्हणाले, मी शांत नाही. ते हसले, आणि ते हसू अगदी प्रेमळ होतं. माझंच रक्त माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं आणि मी खुर्चीवर बसून ते बघत होते.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. घर माणसांनी भरलं. या वेळी पोहे शेजारणींनी केले, मला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. सकाळची गोळी सासूबाईंनी जरा लवकरच दिली होती. बोलणी झाली, मानपान ठरले, आणि पाटावर विडा-सुपारी आली. मग मुलाच्या चुलत्याने रीतीप्रमाणे विचारलं, "मंग फोडायची का सुपारी? मुलीच्या आयचं काय म्हणणं हाय?"

मी याचीच वाट बघत होते. मी सगळ्यांकडे बघून, न अडखळता म्हणाले, "मला हे लग्न मान्य नाही. ती अजून लहान आहे. तिला शिकायचंय. सुपारी फोडू नका."

मला वाटलं, झालं. मग तो म्हातारा चुलता मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, आईला पोर कायम ल्हानच वाटती. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मुलाच्या आईला तर भरूनच आलं. ती म्हणाली, आमच्या आयनं बी अगदी ह्येच म्हणलं व्हतं. आणखी कोणी बाई म्हणाली, मुलीच्या आईनं येवढं म्हणायचंच असतं, न्हाईतर लोक म्हणतील पोरगी जड झाली व्हती. खरंच आहे ते. आमच्यात सुपारीच्या वेळी प्रत्येक मुलीची आई असंच म्हणते. पोर लहान आहे, आत्ताशी तर खेळत होती, राहू द्या अजून दोन वर्षं. म्हणते, डोळे पुसते आणि साखर वाटते. मी किती बैठकींत ते ऐकलं होतं आणि मान डोलावली होती.

मी म्हणाले, मी म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये, मी खरंच सांगतेय. आवाज तसाच, एका पट्टीत. माझ्या कानांनाही ते म्हणायचं म्हणून म्हटल्यासारखंच ऐकू आलं. सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच विचारलं, दुपारची गोळी घेतलीस का गं? पलीकडे बायका बोलत होत्या की येवढं दुखणं आणि किती शांत बाई, अशी विहीण मिळायला नशीब लागतं. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं की नाही ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. त्याने नजर खाली घातली.

मी उठून आतल्या खोलीत गेले. मुलगी पडद्यामागे उभी होती, नवीन साडीत. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली, अक्षर लागत नसलेला कागद बघावा तशी.

"आई," ती म्हणाली, "तू ते खरं म्हणालीस, की म्हणायचं असतं म्हणून?"

सगळ्या जगाला कळलं नाही ते ठीक होतं. मी तिचे दोन्ही दंड धरले. माझे हात नेहमीसारखे गार होते, तिने अंग चोरलं.

"खरं म्हणाले," मी म्हणाले. "माझं त्यांना ऐकू येत नाही. आता तू बाहेर जा आणि ओरड. काहीही म्हण, पण ओरडून म्हण. तुझं ऐकतील."

ती दाराकडे वळली. पडद्याला हात लावला. तोंड उघडलं, आणि मला तिच्या गळ्याची शीर ताठ झालेली दिसली. मग तिने हात खाली घेतला.

"मला ओरडता येत नाही, आई," ती म्हणाली. "आपल्या घरात ते तूच करायचीस."

बाहेर सुपारी फुटली. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. कोणीतरी आम्हाला बोलवायला निघालं, तर सासूबाईंचा आवाज आला, अगदी मायेने भरलेला. "ऱ्हाऊ द्या. मायलेकी बोलत्यात. आता दिस तरी किती उरल्यात."

वैशाखात लग्न झालं.